जुन्या बोलेरो पिकअपचे मागचे पाटे बसलेत, दोन पाटे वाढवावेत का?

ओतूरवाला:
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, २०११ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, पासिंग (कागदावर मंजूर माल) सव्वा टन. टोमॅटोचा सीझन चालू झालाय, नारायणगाव मार्केटला तर रोजचंच आहे आणि इकडे बाजार पडला की माळशेज उतरून कल्याण, शिळफाटा करत वाशी गाठायची. तर झालंय असं की मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या लोखंडी स्प्रिंगा, दबून गाडी मागून बसलीय, त्यातही डावी बाजू जास्त, रिकामी उभी असली तरी लांबून बघणाऱ्याला कळतं. भरल्यावर खड्ड्यात गेली की डावं टायर वर बॉडीला घासल्याचा आवाज येतो. आणि गंमत म्हणजे रिकामी असली की हीच गाडी दगडासारखी उड्या मारते, मागे बसलेला माणूस शिव्या देतो. पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक जरा जोरात दाबला की मागून सरकते ते वेगळंच, मला वाटतं पाटे कडक झाल्यामुळं असेल.
आमचा मिस्त्री म्हणतोय दोन्ही साइडला दोन दोन जाड पाटे टाकू, गाडी चार बोटं उचलून देतो, मग खुशाल दोन टन भर. शेजारच्याने पाटे आणि हौसिंगच्या (मागच्या दोन चाकांमधला अ‍ॅक्सलचा लोखंडी नळा) मधे लोखंडी ठोकळे टाकून गाडी उचललीय, तो म्हणतो पैसे कशाला घालवतो. चुलतभाऊ म्हणतो पॅराबोलिक टाक. मला एवढंच कळेना की पाटे वाढवले तर उड्या अजून वाढणार का कमी होणार. कुणी केलं असेल तर सांगा, लवकर सांगा, माल तोडायला आलाय.

मंचरकर_गॅरेज:
दादा आधी थांबा. पाटे वाढवायचे का नाही हा नंतरचा प्रश्न, डावीच बाजू जास्त का बसली ते आधी शोधा. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि रस्त्याला उतार कडेला असतो त्यामुळं डावे पाटे थोडे आधी बसतात हे खरंय, पण नुसत्या नजरेला कळण्याएवढा फरक असेल तर नव्वद टक्के एखादा पाटा तुटलेला असतो, आणि तो दिसत नाही कारण तुटतो बरोबर यू बोल्टच्या (पाट्यांचा गठ्ठा हौसिंगला आवळणारा बोल्ट) खाली, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध ओवणारा बोल्ट) भोकातून. तिथं प्लेटच्या आड झाकलेला असतो. बाहेरून सगळे पाटे जागच्या जागी.
असं करा. गाडी सपाट जागेवर, सिमेंटच्या अंगणात वगैरे उभी करा, चाकात हवा सारखी. हौसिंगच्या वरच्या कडेपासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा, दोन्हीकडं. मग पुढच्या हबच्या सेंटरपासून मागच्या हबच्या सेंटरपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. हे दुसरं माप कुणी घेत नाही पण तेच महत्त्वाचं, सेंटर बोल्ट कातरला गेला असेल तर एका बाजूचं चाक मागं सरकलेलं असतं आणि गाडी तिरकी चालते, टायर खाते.
नंतर तारेच्या ब्रशने पाट्यांची बाजू घासा आणि बॅटरी मारून बघा. तुटलेल्या जागी ताज्या गंजाची लाल रेघ दिसते. एखाद्या पाट्याची दोन्ही टोकं बाकीच्यांच्या मानाने पुढं मागं सरकलीत का बघा. हातोडीने टोकाला हळू टोला द्या, चांगला पाटा खणकन वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. शॅकलच्या (पाट्याचं टोक धरणारी हलती कडी) बुशमधे पहार घालून हलवून बघा आणि हँगर (पाट्याचा चेसिसवरचा ब्रॅकेट) जिथं चेसिसला रिवेट केलाय तिथं तडा आहे का तेही बघा, जुन्या लोडिंगच्या गाडीला तो असतोच असतो.
आणि काही खोलायचं झालं तर नुसत्या जॅकवर नको. चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, हौसिंगखाली वेगळा जॅक घ्या, पाट्यावरचा भार काढा आणि मगच यू बोल्टला हात लावा.

गूळवाला_२०७:
एवढं टेप लावून काय लग्न जुळवायचंय काय भावा. माझी टाटा २०७, कोल्हापुरात गुळाच्या रव्यांची भरती, दोन पाटे कधीचे वाढवलेत, अजून गाडी मागं टेकलेली नाही. लोडिंगची गाडी आहे, रिकामी उडणारच, उडू दे की. पाटे वाढवा, शॉकअप नवीन टाका, विषय संपला.

चाकण_मेकॅनिकल:
गूळवाले दादांची गाडी रोज भरलेलीच जात असेल त्यामुळं त्यांना चालतंय, ओतूरवाल्यांना वाशीहून येताना रिकामं यायचंय. दोघांचं गणित वेगळं.
मी पाट्याच्या धंद्यात नाही पण शिकलोय तेच, म्हणून थोडं लांबण लावतो. पाटा बसतो म्हणजे त्याची कमान कायमची सपाट होते, पण त्याचा कडकपणा जवळजवळ पहिल्याएवढाच राहतो. लोकांना वाटतं पाटा बसला म्हणजे मऊ झाला, तसं नसतं. गेली ती उंची. म्हणून गाडी खाली बसलेली आणि तरी उडतेय, यात काही विचित्र नाही, उलट चेसिस खाली आल्यामुळं हौसिंगच्या आणि चेसिसच्या मधल्या रबरावर आपटेपर्यंत जागाच उरलेली नाही आणि तुम्हाला ते आपटणं उडी म्हणून जाणवतंय.
आता मिस्त्री काय करणार, गेलेली उंची परत मिळवायला कडकपणा वाढवणार. उंची मिळेल, पण रिकाम्या गाडीत तो कडकपणा तसाच राहणार, म्हणजे उड्या वाढणार. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे.
दुसरं, जाड पाटा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिमीच्या जागी १० मिमीचा घेतला तर ८ चा घन ५१२ आणि १० चा घन १०००, म्हणजे दोन मिमीत एकच पाटा जवळपास दुप्पट कडक. मिस्त्री मंडळी "जरासा जाड" म्हणतात तेव्हा तो जरासा नसतो. आणि हाच जाड पाटा आधी तुटतो, कारण सगळे पाटे एकत्र वाकतात आणि सारखं वाकवलं तर जाड पाट्याच्या वरच्या खालच्या थरावर ताण जास्त येतो. जुन्या सेटमधे नवा जाड पाटा घातला की जास्तीत जास्त भार तोच घेतो, बाकीचे फुकट फिरतात.
तिसरं, आखूड जाड पाटा खालून लावायची पद्धत आहे ना, त्यात मधला भाग कडक होतो आणि वाकायचं सगळं काम त्या आखूड पाट्याचं टोक जिथं संपतं तिथं जातं. मग वरचा लांब पाटा तिथूनच जातो. रस्त्यात मेन पाटा तुटलेल्या गाड्या जवळ जाऊन बघा, बऱ्याचदा असंच असतं.
पॅराबोलिक चांगले असतात, पाटे कमी, मधे जाड आणि टोकाकडं निमुळते, घासणं कमी त्यामुळं चाल मऊ. पण ते अख्खा सेट त्या गाडीसाठी बनलेला असेल तरच. दुसऱ्या गाडीचे काढून जुगाड करायचा असेल तर नको. आणि पॅराबोलिकमधे पाट्यांची आपसातली घासण कमी असते म्हणून शॉकअप चांगलेच लागतात, जुन्या मेलेल्या शॉकअपवर गाडी होडीसारखी डोलते.
ठोकळ्यांबद्दल. त्याने उंची वाढते, भार पेलायची ताकद तसूभरही वाढत नाही. पाटा आणि हौसिंगमधलं अंतर वाढल्यामुळं गिअर टाकून क्लच सोडताना आणि ब्रेक मारताना हौसिंग पाट्यांना पिळतं, पिनियनचा (शाफ्ट हौसिंगला जिथं मिळतो तिथला) कोन बदलतो आणि इंजिनाची ताकद मागं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) खायला लागतात. शेजाऱ्याला विचारा उचलताना खालून थरथर येते का.

ओतूरवाला:
मंचरकर तुमच्या म्हणण्याप्रमाणं सकाळी सगळं मोजलं, पोराला टेपचं टोक धरायला लावलं. चेसिस ते हौसिंग डावीकडं उजवीपेक्षा ३ सेंटीमीटर कमी. हबपासून हबपर्यंत मात्र दोन्हीकडं सारखंच आलं. ब्रश मारला तर डावीकडचा वरून तिसरा पाटा, यू बोल्टच्या प्लेटला लागून अगदी बारीक लाल रेघ, नखाने टोकरली तर पावडर पडली. टोला दिला तर बद्दच वाजला. यू बोल्टचे नट हाताने फिरत नव्हते पण पाना लावल्यावर अर्धा अर्धा फेरा सहज गेले.
अजून एक दिसलं, ते काय आहे कळलं नाही. हौसिंगपासून एक बारीक दांडी वर चेसिसकडं जाते, तिथं ब्रेकच्या पाइपांना एक पितळी-लोखंडी डबी आहे आणि त्या डबीची पट्टी कुणीतरी बाइंडिंग वायरने वर ओढून चेसिसला बांधून टाकलीय. दांडी खाली मोकळीच लोंबतेय. आधीच्या मालकाचा उद्योग असणार. ही पाट्याची भानगड आहे का?

मंचरकर_गॅरेज:
ही पाट्याची नाही, तुमच्या जिवाची भानगड आहे. ती वायर आजच्या आज बघायला लावा.
ती डबी म्हणजे लोड बघून मागचा ब्रेक कमीजास्त करणारा वॉल्व्ह. गाडी भरली की चेसिस हौसिंगच्या जवळ येतं, दांडी पट्टीला ढकलते, वॉल्व्ह समजतो माल आहे आणि मागच्या ड्रमला पूर्ण प्रेशर सोडतो. रिकामी असली की अंतर वाढतं, मग मागचं प्रेशर तोडतो, कारण मागे वजन नसताना पूर्ण ब्रेक लागला तर चाकं जाम होऊन गाडी फिरते. तुमची पट्टी "भरलेली" च्या जागेवर बांधून ठेवलीय. म्हणजे रिकाम्या गाडीलाही मागं पूर्ण ब्रेक. पावसात मागून सरकते म्हणालात ना, ते पाटे कडक झाल्यामुळं नाही, ही वायर आहे. कुणाची तरी ब्रेक कमी लागतो अशी तक्रार असणार आणि लायनर, सिलिंडर बघायचा कंटाळा म्हणून मिस्त्रीने वायर मारून गाडी दिली, अशा कितीतरी बघितल्यात.
आता यातच पाटे वाढवायच्या प्रश्नाचं दुसरं अर्ध उत्तर आहे. समजा वायर काढली, वॉल्व्ह चालू केला, आणि मग जाड पाटे टाकून गाडी चार बोटं उचलली. आता माल भरला तरी चेसिस पहिल्याएवढं खाली येणार नाही. वॉल्व्हला वाटणार गाडी अर्धी रिकामी आहे. दोन टन घेऊन तुम्ही माळशेज उतरताय आणि मागचे ब्रेक निम्मेच काम करताहेत, सगळा भार पुढच्या डिस्कवर. बोगद्याच्या अलीकडं धुक्यात समोर एसटी आली की काय करणार? पाट्यांची उंची बदलली की ती दांडी नव्याने सेट करावीच लागते, कंपनीच्या मापाने. पाटे वाढवणारे दहातले नऊजण तिकडं बघतसुद्धा नाहीत.

गूळवाला_२०७:
हे वॉल्व्हचं मात्र माहीत नव्हतं राव. उद्या गाडीखाली शिरतो. पण एक सांगू का, तुम्ही सगळे पुस्तकातलं बोलताय, भाड्याच्या माणसाला पासिंगएवढंच भरून परवडत नाही. सव्वा टनात डिझेल आणि ड्रायव्हरच निघतो. पाटे वाढवतात ते शौक म्हणून नाही.

चाकण_मेकॅनिकल:
परवडत नाही हे मान्य, त्यावर इथं कुणाकडं उत्तर नाही. पण पाटा वाढवल्याने फक्त पाटा वाढतो. हौसिंग तेच, बेअरिंग तीच, ड्रम तेच, टायरचं रेटिंग तेच, चेसिस तर पंधरा वर्षं जुनं. पाटा म्हणजे काही पासिंग नव्हे.
ओतूरवाले, तुमचा माल मोजा जरा. क्रेट २० किलोचा म्हणतात पण ते टोमॅटो झाले, रिकाम्या क्रेटचं दीड-दोन किलो कोण धरतं? ८० क्रेट भरलेत तर १६०० किलो माल, वर दीडशेच्या आसपास क्रेट, म्हणजे पावणेदोन टन, हमाल वर बसला तर तो वेगळा. सव्वा टनात क्रेटसकट साधारण ५७-५८ बसतात. आणि वजनकाट्यावर गेलात की एकदा पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागच्या चाकांचं घ्या. पिकअपमधे माल मागं सरकवून भरला की टोटल बरोबर असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड असतो. क्रेट केबिनला टेकवून भरत या.

पासिंग_एजंट:
थोडं कागदाचं सांगतो, कोणाला आवडो न आवडो. कंपनीच्या मापापेक्षा वेगळा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली मालकाला एकेका बदलाचे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४, सरळ २०,००० आणि जास्तीच्या दर टनाला २,००० वर, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. टोमॅटो रस्त्यावर उतरवून काय करणार तुम्ही. गाडी आठ वर्षांच्या वर आहे म्हणजे फिटनेस दरवर्षी, तिथं पाट्यांचा गठ्ठा आणि ती वायर दिसली तर परत पाठवतील. पाठवत नाहीत कधी कधी तो भाग सोडा, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला गाडीखालीच वाकतो.
कंपनीच्या मापाचा सेट बदलला तर त्याला कुणी हात लावत नाही, तो मेंटेनन्स झाला.

चिपळूणकर:
आमच्याकडं कोकणात पाटे तुटण्याआधी गंजूनच जातात. दोन पाट्यांच्या मधे गंज फुगतो, पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा गठ्ठा एकच लोखंडाचा ठोकळा होतो, मग रिकामी गाडी उडते नाहीतर काय. माळशेजच्या पावसात तुमचंही तेच होत असणार. सेट खोलताच आहात तर प्रत्येक पाटा घासून मधे ग्रॅफाइटचं ग्रीस लावून बसवा, टोकांना प्लास्टिकचे पॅड असतील तर ते नवीन घाला. साधं ग्रीस लावू नका, पंधरा दिवसात चिखल धरतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. जळकं ऑइल फवारणाऱ्यांनी निदान रबरी बुश आणि ब्रेक ड्रम झाकावेत, रबर तेलाने फुगतं.

ओतूरवाला:
मंडळी काय सांगू, डोकं सुन्न झालं वायरचं ऐकून. वायर काढायला गाडी उद्या ब्रेकवाल्याकडं लावतोय, तोवर चुलत्याची गाडी मागितलीय.
पाट्यांचं दोन जणांना विचारलं. एक म्हणतो तुटलेला एकच बदलू आणि बाकीच्यांना गॅसने तापवून कमान मारून देतो, उंची परत येईल, स्वस्तात काम. दुसरा म्हणतो दोन्ही बाजूंचा पूर्ण नवा सेट घ्या. पैशाचा फरक बराच आहे. गॅसवाली कमान टिकते का? आणि लोड आल्यावरच लागणारा हेल्पर पाटा असतो तो माझ्या गाडीला चालेल का, म्हणजे रिकामी मऊ आणि भरली की कडक?

मंचरकर_गॅरेज:
गॅसने तापवलेली कमान टिकत नाही. पाट्याला बनवताना पाणी दिलेलं असतं, भट्टीत साधारण साडेआठशे डिग्रीला तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा चारशे-पाचशेच्या दरम्यान टेम्पर करतात, त्याच्यावरच त्याची स्प्रिंग आहे. गॅसच्या ज्योतीने एका जागी लाल केला की तिथलं पाणी उतरतं, तो भाग साधं लोखंड होतो. दोन महिन्यांत परत बसतो नाहीतर तिथूनच मोडतो. भट्टी आणि तेलाची टाकी असलेला खरा पाटेवाला असेल तर सगळा सेट नव्याने पाणी देऊन कमान काढून देतो, ते चालतं, पण इतक्या जुन्या पाट्यात बारीक तडे असतात त्यामुळं मी तरी पैसे घालत नाही. पाट्याला वेल्डिंग तर कुणी फुकट करून दिलं तरी नको.
एकाच बाजूचा एक पाटा नवा घातलात तर डावी-उजवी कधीच सारखी होणार नाही. दोन्ही बाजूंचा सेट बदला, कंपनीच्या मापाचा. घेताना दोन्ही सेट शेजारी शेजारी जमिनीवर उभे करून कमान बघा, दुकानदार एक नवा एक जुना स्टॉकमधला देतात, उंचीत फरक निघतो. तिथल्या तिथं बदलून घ्या.
हेल्परची कल्पना चांगली आहे, वर बसतो आणि लोड आला की त्याची टोकं चेसिसवरच्या पॅडला टेकतात, तोवर तो कामाला लागत नाही. पण तुमच्या चेसिसला ते पॅडचे ब्रॅकेट मुळात आहेत का बघा, नसतील तर चेसिसला भोकं पाडून लावू नका. खरं सांगू का, आधी नवा सेट आणि नवे शॉकअप टाकून ५७ क्रेट भरून एक चक्कर मारा. मला वाटतं हेल्परची आठवणसुद्धा येणार नाही.

ओतूरवाला:
ठीक आहे, दोन्ही सेट नवीनच घेतो, ऑर्डर दिली. शॉकअपही. बुश रबराचे आहेत, बसवताना काही काळजी? आणि यू बोल्ट जुनेच चांगले दिसतायत, ते चालतील ना?

मंचरकर_गॅरेज:
यू बोल्ट नवेच. जुने एकदा ताणलेले असतात, परत आवळले की आवळल्यासारखे वाटतात आणि ढिले होतात, आणि तुमचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून गेला तो याच कारणाने. यू बोल्ट ढिला असला की जो भाग घट्ट दाबून धरलेला असायला पाहिजे तोच वाकायला लागतो आणि भोक हा पाट्याचा सगळ्यात नाजूक भाग. सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगच्या खाचेत नीट बसलंय का ते बोट घालून बघा. चारही नट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, फुलीच्या क्रमाने थोडे थोडे, कंपनीच्या टॉर्कला (आवळण्याच्या मापाला), हवेच्या गनने नुसते टरटर आवळून देतील तर टॉर्क पाना लावायला सांगा.
रबरी बुशच्या पिना गाडी जॅकवर लटकत असताना फायनल आवळायच्या नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, मग आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.
दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट परत चेक करा, नवे पाटे एकमेकांवर बसले की नट थोडे ढिले पडतातच. आणि सगळं झाल्यावर त्या वॉल्व्हची दांडी नव्या उंचीला सेट करून घ्या, आधी नाही. ब्रेकवाल्याकडं उद्या जाताय तर त्याला आत्ताच सांगून ठेवा की पाटे बदलल्यावर परत येणार आहे, नाहीतर तो जुन्या बसलेल्या उंचीवर सेट करून मोकळा होईल.